एमेटच्या डाव्या हातातला मोजा

मी बेसबॉलचा हातमोजा आहे. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलतो, त्या कॅचरचा. फलंदाजाचा फटका हुकला की चेंडू माझा.

एमेट ड्वोरॅकने मला घेतलं तेव्हा मी लाकडासारखा कडक होतो. त्याने तेल चोळलं, गादीखाली दाबून मऊ केलं. ओहायोतल्या पोलाद कारखान्यांच्या गावातला आमचा संघ. चेंडू टाकायचा ओरिन टॅकेट, एमेटच्या बहिणीचा, म्हणजे व्हर्नाचा, नवरा. ओरिनचे चेंडू झेलून एमेटचा तळवा इतका सुजायचा की जेवताना काटा धरता यायचा नाही. त्याचाही त्याला अभिमान.

तो शेवटचा सामना होता. विजेतेपद त्यावरच ठरायचं होतं. दोन्हीकडची चेंडूफेक अशी की फलंदाज नुसते येत होते आणि बॅट आपटत परतत होते. सहाव्या डावात आम्हाला कशीबशी एक धाव मिळाली. आता ती राखायची होती.

आठव्या डावात चेंडू हलका येऊ लागला. मला कळलं, म्हणजे एमेटलाही कळलं. तो ओरिनजवळ गेला आणि मला तोंडापुढे धरून बोलला.

"खांदा गेला ना?"

"गप्प बस. मोठ्या संघाचा माणूस मला पारखायला आलाय."

"व्हर्नाला काय सांगू?"

"काही सांगायचं नाही. मॅनेजरला एक शब्द बोललास, तर माझ्या घराची पायरी चढू नकोस."

डाव संपल्यावर मॅनेजरने विचारलं, "दमलाय का रे तो? बदलू त्याला?"

"नाही," एमेट म्हणाला. "ठीक आहे."

नवव्या डावात शेवटचा फलंदाज उभा राहिला. कुठला चेंडू टाकायचा हे कॅचर बोटांच्या खुणेने सांगतो. एमेटला खांद्याला जपणाऱ्या संथ चेंडूची खूण करता आली असती. जिंकायचं त्यालाही होतं. त्याने जोरातल्या चेंडूची खूण केली.

तो चेंडू माझ्यात येऊन थडकला तसा पूर्वी कुठलाच थडकला नव्हता. बॅट हवेतच फिरली. आम्ही जिंकलो. लोक मैदानात धावले, आणि ओरिन खांदा धरून गुडघ्यांवर बसलेला होता.

त्याचा उजवा हात पुन्हा कधी डोक्यापर्यंत गेला नाही. मुलगी झाली, तिला तो डाव्या हातानेच उचलायचा.

व्हर्नाने भावाला एकदाच विचारलं, "तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं," एमेट म्हणाला. ओरिनने बजावलेलं त्याने सांगितलं नाही. बहीण त्याच्याशी आयुष्यभर बोलली नाही. त्याने खेळ सोडला आणि मला खिळ्याला टांगलं.

एमेट वारला तेव्हा ओरिन मला खिळ्यावरून काढून आपल्या घरी घेऊन आला. व्हर्ना म्हणाली, "तो शेगडीत टाक."

"नको," ओरिन म्हणाला. "मॅनेजरला सांगू नकोस असं मीच त्याला बजावलं होतं. धमकी दिली होती."

व्हर्ना खुर्चीवर बसली. "हे तू आता सांगतोस? त्याला पुरल्यावर?"

तिने कोट चढवला, मला काखेत धरलं आणि दफनभूमीत जाऊन भावाच्या थडग्याच्या दगडापाशी ठेवलं. बराच वेळ ती तिथे उभी होती.

मी अजून इथेच आहे. बर्फ पडतं, वितळतं. शिवण सुटत चालली आहे. कुणी चांगल्या मनाने मला उचलून घरी नेईल, तेल लावेल, याची भीती वाटते. तेवढं करू नका. मला एमेटपाशीच कुजू द्या.