खिसा कशाला?

माप

दोघी बहिणींचं शिवणकामाचं दुकान. धाकटी कापते आणि शिवते. थोरली काज-बटणं करते, इस्त्री करते आणि धाकटीवर डोळा ठेवते. ही तिसरी कामगिरी धाकटीनंच सोपवलेली, मन थाऱ्यावर असताना. कारण ते कधी तळ गाठतं, कधी आभाळ. मागच्या खेपेला आभाळाकडे निघाली तेव्हा तिनं शाळेच्या पडद्यांना खिसे लावले होते. पुढे ती इस्पितळात आणि दुकानाला कुलूप.

"नको तिथं खिसा दिसला की विचारायचं, खिसा कशाला? मी चिडणार नाही," तिनं शब्द दिला होता. "वेळेवर विचारलंस तर गोळ्यांवर निभावेल. दुकान उघडं राहील."

टाचण

तेव्हापासून थोरली ताकही फुंकून पिते.

"खिसा कशाला?"

"अगं ताई, गवंडीदादांचं जाकीट आहे ते. टेप ठेवायला मागितलाय."

"आणि हा दुसरा?"

"चष्म्याला. उद्या मी हसले तरी थर्मामीटर लावशील."

थोरली ओशाळली.

शिवण (बारीक टाका)

मग धाकटी पहाटेच उठू लागली आणि झोप अर्धी पण तोंड टवटवीत आणि शिट्टी वाजवतेय आणि मशीन धडधडतंय आणि ताई शेजारचा गाळा घेऊ मधली भिंत पाडू आजच पाडू आणि थोरली एकेक कपडा उलटून बघतेय आणि नको तिथं खिसा एकही नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला आणि

दोरा तुटला.

उसवण

दारात पोस्टमन उभा, नव्या पॅन्टमध्ये. दोन्ही हात मांड्यांवरून घसरत होते.

"बाई, हात कुठं घालू?"

पॅन्टला खिसेच नव्हते. थोरलीनं दोरीवरचे कपडे चाळले. शर्ट, कोट, सगळे गुळगुळीत.

"खिसा कशाला?" ती सवयीनं म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे, खिसा कुठाय?"

"तू बघतेस ना सारखी," धाकटी भराभरा बोलली. "म्हटलं, लावायचेच नाहीत. एक लावला की दहा लावावेसे वाटतात, मग तू विचारणार, मग..."

ती थांबली. स्वतःचंच बोलणं तिच्या कानांवर पडलं असावं. मग तिला हसू फुटलं.

"माझ्या दुखण्याच्या चोरानं घरच्या कुत्र्यालाही चोरून नेलं म्हणायचं."

"मी कुत्रा का?" थोरली म्हणाली.

"राखणीला ठेवलेली आहेस, ताई."

पोस्टमन आळीपाळीनं दोघींकडे बघत होता. "मी नंतर येऊ?"

"पॅन्ट ठेवून जा, काका. म्हणजे, जुनी घालून या आणि ही ठेवून जा. खिसे ताई लावेल." धाकटीनं कात्री उलटी धरून थोरलीच्या हातात दिली. मूठ थोरलीकडे. "डॉक्टरीणबाईंना फोन लाव. भिंतीचं मी सांगते, तू मीठमसाला लावशील."

काज

थोरलीनं लावलेल्या खिशांत पोस्टमनचा डावा हात सहज जातो, उजवा मनगटाशी अडतो. त्याची तक्रार नाही. दुकान उघडं आहे. धाकटी मागच्या खोलीत घोरतेय, आणि थोरली मशीनचा आवाज बेतानं करते.