काळमेघांच्या मुलीची फाइल

भिलाईच्या वैदर्भीय स्नेह मंडळात कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्याला हार घातला, कुंकू लावलं, समोर नारळ फोडला आणि नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडलं. नवा कीबोर्ड यायला महिना लागला. तो महिनाभर सचिव शेषराव गावंडे भेटेल त्याला सांगत होते की अख्ख्या मध्य प्रदेशात कॉम्प्युटर असलेलं मराठी मंडळ हे एकच. बंद पडलेला कॉम्प्युटर असलेलंही बहुधा हेच एक असावं, पण तेवढं ते सांगत नव्हते.

कॉम्प्युटर घेतला होता वधू-वर सूचीसाठी. तुळशीचं लग्न झालं की मंडळाचा मेळावा भरे आणि त्याआधी सूची छापून घरोघर जाई. प्रत्येक मुलामुलीची एक फाइल: नाव, शिक्षण, उंची, गोत्र, अपेक्षा. सूची इंग्रजीत छापायची, कारण मराठीत छापलं की मुलगा गरीब वाटतो, असं शेषरावांचं मत होतं. मुलींची नावं पस्तिशीपर्यंतच घेत. मुलांना वयाची अट नव्हती. या मंडळात पुरुष पिकत असत आणि बायका नासत असत, असा एकंदर हिशेब दिसतो.

वसुंधरा काळमेघ त्या वर्षी चौतिशीची होती. म्हणजे ही तिची शेवटची सूची.

सिविक सेंटरमध्ये एका मिठाईच्या दुकानावर जिना चढून गेलं की कॉम्प्युटरची शिकवणी होती. तिथं ती शिकवायची. टाउनशिपमधल्या अर्ध्या पोरांची बोटं तिनंच कीबोर्डवर आणली होती. आणि स्पष्टच सांगायचं तर तिला लग्न करायचं होतं. 'मला काय त्याचं' असं ती चारचौघांत म्हणत असे. चौतिशीच्या मुलीला दुसरं काही म्हणायची सोयच लोक ठेवत नाहीत. पण मनातून तिला स्वतःचं घर हवं होतं, भांडायला हक्काचा माणूस हवा होता, आणि यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते तिला कधी कळलं नाही.

अडचण एवढीच की तिची फाइल मंडळाच्या कॉम्प्युटरमध्ये टिकत नव्हती. पहिल्या वर्षी तिनं स्वतः बसून माहिती टाइप केली, सूची छापून आली, तर काळमेघ आडनावच गायब. दुसऱ्या वर्षीही तेच.

"वसुंधरा, तुही फाइल मशीननं खाल्ली, बाप्पा," शेषरावांनी तेव्हा सांगितलं होतं.

"काका, मशीनले दात नसतात," ती म्हणाली. "फाइल कुठं जात नाई. जागा बदलते, नाई तर ठेवणाराच विसरते."

"तू मले शिकवून राहिली का? मी ट्रेनिंग करून आलो हाय. व्हायरस म्हणतात त्याले, व्हायरस!"

व्हायरस हा शब्द शेषराव असा उच्चारत की जणू तो त्यांच्या सासरकडचा कोणी मोठा अधिकारी आहे. तो बाहेरून, चपलांना लागून येतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. म्हणून खोलीच्या दारावर 'जोडे बाहेर काढावे' अशी पाटी लागली, कोपऱ्यात कापूर जळू लागला आणि यंत्रावर शेषरावांच्या घरची जुनी भरतकामाची चादर आली. फाइल तरीही गेलीच.

वसुंधराला शेषरावांचा पुरा संशय होता. हा माणूस नाकानं कांदे सोलणारा. आपण त्याला लोकांसमोर दोनदा दुरुस्त केलं, त्याचा सूड म्हणून हा आपलं नाव काढून टाकत असणार. शिवाय त्याची भाची चंपा त्याच सूचीत होती आणि तिचं पान पहिलं. वसुंधराच्या मनात सगळा खटला तयार होता, फक्त पुरावा हवा होता.

वडिलांजवळ ती हे सगळं बोलायची. बाबाराव काळमेघ ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि भाकरीचा तुकडा मोडायचे. हथखोजच्या एका ओतकामाच्या कारखान्यात ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. बायको वारलेली, रिसालीत दोन खोल्यांचं घर, आणि घरात ही एकच लेक. रिकामं बसून माणूस कुढत जाईल म्हणून वसुंधरानंच त्यांना रविवारी रविवारी कॉम्प्युटर शिकवला. बाबाराव जुन्या काळचे असले तरी हाताचे पक्के. फाइल कशी बनवायची, डिरेक्टरी म्हणजे यंत्रातलं कपाट कसं उघडायचं, एका कपाटातला कागद दुसऱ्यात कसा न्यायचा, सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं. "आधी कॉपी करा, दुसरीकडं पोचली का पाहा, मगच मूळची पुसा," हे तिनं त्यांना इतकं घोकवलं की ते देवाच्या नावासारखं म्हणू लागले. पहिल्या सूचीच्या आधीच मंडळानं त्यांना संगणकप्रमुख केलं. पगार नाही, पण शाल मिळाली. शेषरावांना यंत्र चालू करण्यापलीकडे काही येत नव्हतं, त्यामुळे सूचीचं सारं काम बाबारावच करत.

आता तिसरी सूची छापायला जायची होती. रविवारी वसुंधरानं पुन्हा स्वतः बसून फाइल टाकली. बुधवारी बेबीताई तिला सिविक सेंटरच्या भाजीवाल्याकडे भेटल्या. बेबीताईंचं घर मंडळाच्या खोलीला लागूनच, किल्ली त्यांच्याकडेच असे आणि गावातली सगळी लग्नंही.

"काय ओ वसू, यंदाही नाव दिलं नाई का तू? मी काल शेषरावांच्या हातात कच्ची यादी पाहिली. तुहं नाव नाई त्यात."

"दिलं न ताई! रविवारी दिलं."

"मंग कुठं जाते ते? मागच्या साली तो देवीदास होता न, दुर्गचा, रेल्वेत गार्ड. त्याले नोकरीवालीच पाहिजे होती. दोनदा येऊन सूची चाळून गेला. मी म्हटलं, आमची काळमेघांची पोरगी पाहा, तर पानच नाई! वैशाखात लगन झालं त्याचं, बालाघाटची केली." बेबीताईंनी कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरली. "माणूस चांगला होता. तुले शोभला असता."

वसुंधरानं देवीदासला कधी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या माणसाचंही दुःख होतं, हे तिला त्या भाजीच्या गाड्याजवळ समजलं. मग दुःखाचा राग झाला आणि रागाचा पत्ता ठरलेला होता.

"ताई, किल्ली द्या. शेषराव ड्युटीवर हायेत तवर मी त्यांचा व्हायरस पाहून येतो."

तिनं चपला घालूनच खोलीत पाऊल टाकलं. चादर ओढून खुर्चीवर फेकली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. तिनं मुलींचं कपाट उघडलं: चंपा होती, शेवंता होती, दुसऱ्या डझनभर होत्या, ती नव्हती. आता हे यंत्र काही बैल नव्हतं की हिरवा चारा दिसला आणि खाल्ला. तिनं सबंध डिस्कवर, प्रत्येक कपाटात आणि कपाटातल्या कप्प्यात, स्वतःच्या नावाचा शोध घेण्याची आज्ञा दिली. शेषरावांना ही आज्ञा ठाऊक नव्हती. तसं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. यंत्र घरघरलं आणि पडद्यावर ओळी आल्या.

फाइल होती. एक नव्हे, तीन होत्या. पहिल्या वर्षीची, दुसऱ्या वर्षीची आणि रविवारची, ओळीनं क्रमांक घातलेल्या. पण त्या शेषरावांच्या कुठल्या जागी नव्हत्या. 'बाबाराव' नावाच्या डिरेक्टरीच्या पोटात आणखी एक डिरेक्टरी होती, त्या होत्या तिच्यात. तिचं नाव 'पेंडिंग'.

वसुंधरा आधी हसली. मोठ्यानं हसली. कारण ते कपाट ती लहानपणापासून ओळखत होती. कारखान्यात ज्या अर्जाला साहेबाला हो म्हणायचं नसे आणि नाही म्हणायची छाती नसे, तो अर्ज तिचे वडील पेंडिंगच्या रॅकमध्ये ठेवत. फाडत नसत. कागद फाडणं त्यांना गाय मारल्यासारखं वाटे. "माह्या हातून चाळीस वर्षांत एक कागद गहाळ झाला नाई," असं ते जेवताना अभिमानानं सांगत. अर्ज करणाऱ्याला तो कधी सापडलाही नाही, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात धरलेली नसे. तीच अक्कल त्यांनी इथं वापरली होती. दुसरा कोणी असता तर सरळ पुसून मोकळा झाला असता आणि कोणाला कधी पत्ता लागला नसता.

तिनं पहिली फाइल उघडली. सगळं तिनं लिहिलं तसंच, एक अक्षर हललेलं नाही. फक्त खाली कारकुनी इंग्रजीत एक शेरा होता: दिवाळीनंतर सादर करावे. म्हणजे सूची छापून गेल्यावर. दुसऱ्या फाइलीतही तोच शेरा. तिसरीतही. आणि शेऱ्याच्या बरोबर वर तिनं स्वतः लिहिलेली अपेक्षांची शेवटची ओळ होती: मुलगा भिलाई-दुर्ग भागातलाच असावा, वडील एकटे आहेत.

ही ओळ त्यांनी तीनदा वाचली असणार. वाचली, आणि तिच्याखाली शेरा मारला. वसुंधराचं हसू तिथं संपलं.

दारात खोकल्याचा आवाज आला. बाबाराव रोजच्या वेळेला सूचीचं काम करायला आले होते. त्यांनी जोडे बाहेर काढले, आत आले, लेकीला पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"वसू, मी पुसलं नाई," ते पहिल्यांदा हेच बोलले. "पाहून घे. एक अक्षर पुसलं नाई."

"मेहेरबानी झाली, बाबा. मी त्या शेषरावले चोर समजून राहिली होती. दोन वर्षं त्या बिचाऱ्या गाढवाले शिव्या दिल्या. अन् इथं कुंपणच शेत खाऊन राहिलं!"

"खाल्लं नाई म्हणतो न मी. ठेवलं होतं. काढाचंच होतं."

"कवा? मले पस्तीस लागल्यावर?"

बाबाराव स्टुलावर टेकले. खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. घाम नव्हता.

"कावून केलं, बाबा?"

"घरात भाकर टाकणारं..."

"भाकर!" वसुंधरा उसळलीच. "ठकूबाई पोळ्या करते चार घरच्या, तिले सांगितलं असतं तर तिनं टाकल्या असत्या. भाकरीसाठी लेक पेंडिंगमध्ये टाकली?"

"भाकरीचं नाई ओ," म्हातारा पुटपुटला. "संध्याकाळी दार वाजते, तू येतं. दिवसभर मी तेच ऐकाले बसतो. तुही आई गेल्यावर त्या घरात बोलणारं दुसरं हाय कोण? तू गेली असती तर मी भिंतीशी बोललो असतो."

"मंग हे मले सांगाचं होतं. मी समोर बसत होती न रोज, ताटावर! एकदा म्हटलं असतं, 'वसू, नको जाऊ', तर मी नसती गेली, बाबा. देवाशप्पथ नसती गेली. मीच हे नाव काढून टाकलं असतं." तिचा आवाज फाटला. त्याचाही तिला राग आला. "पण तुमाले मागाची लाज वाटली अन् चोरी कराची नाई वाटली."

बाबारावांनी रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग ते जन्मात पहिल्यांदाच, कुठलाही शेरा न मारता, सरळ बोलले.

"आता म्हणतो, वसू. नको जाऊ."

वसुंधरानं त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा खरा होता, डोळे ओले होते, आणि दोन वर्षांपूर्वी हेच तोंड हेच बोललं असतं तर ती उठून त्यांच्या पायांशी बसली असती. ती पडद्याकडे वळली. तिसरी फाइल तिनं कॉपी केली, मुलींच्या कपाटात पोचल्याची खात्री केली आणि तिथं उघडली. शेरा काढून टाकला. मग वरच्या ओळीवर आली. 'वडील एकटे आहेत' गेलं, 'भिलाई-दुर्ग' गेलं, शेवटाकडून एकेक अक्षर पुसत ती ओळीच्या सुरुवातीपर्यंत गेली. बाबाराव स्टुलावरून पडद्याशी वाकून पाहत होते. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं.

त्या जागी तिनं लिहिलं: गाव कोणतंही चालेल, लांबचं असल्यास उत्तम.