गोण्या ओढ

ख्र्र… ओऽ… या… ख्स्स… ओऽ… ड.

अख्खा हॉल श्वास रोखून बसला होता. मंचावर एक खरखरणारा जुना रेडिओ आणि त्याच्या शेजारी महाराज. लोक त्यांना नादमहाराज म्हणत, लेक मनातल्या मनात खरखरमहाराज. ती दवाखान्यात कान तपासायची. दिवसभर लोकांच्या कानांशी झटापट करून आता आईला न्यायला आली होती; बाबा गेल्यापासून आई इथे येत असे. तिला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

“ताई, तुमचे यजमान आलेत!” महाराज आईकडे बघून गरजले. “शंकेचं कुलूप काढा, कानाचं दार उघडा! ते म्हणतायत, ‘ऐकलंस का? गोळ्या सोड.’ आता तुम्हीच ऐका.”

ख्र्र… ओऽ… या… ख्स्स… ओऽ… ड.

“हेच! यांचाच आवाज!” आई रडू लागली. शेजारच्या मावशी मोबाइलमध्ये आवाज भरून घेत होत्या. “अगदी स्वच्छ!” त्या म्हणाल्या.

‘ऐकलंस का’! निम्म्या जगाचे नवरे बायकोला अशीच हाक मारतात. पण मागच्या खेपेला हेच ऐकून आईनं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि आता तिला भोवळ येत होती.

“महाराज, एकदा शब्द आधी न सांगता लावा की,” लेक म्हणाली.

“आत्मा रुसतो, बाळ.”

“सांगितल्यावर रुसत नाही वाटतं?”

“हिचं शिक्षण जरा जास्तच झालंय!”

हॉल हसला. हसणाऱ्यांशी कोण भांडणार?

दुसऱ्या दिवशी तिनं मावशींचा मोबाइल मागून घेतला आणि आईला आपल्या दवाखान्यात नेलं. आईसमोरच डॉक्टरांना तो आवाज ऐकवला. काहीही न सांगता.

“कोणी कढई घासतंय का?”

मग औषधं देणाऱ्या बाईला.

“दाराची कडी वाजतेय. नाही?”

“यांना ऐकूच येत नाही नीट,” आई फणकारली.

“बरं. आता तू ऐक. बाबा म्हणतायत, ‘गोण्या ओढ.’”

ख्र्र… ओऽ… या… ख्स्स… ओऽ… ड.

आईचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा लावायला लावलं. मग पुन्हा.

“गोण्या ओढ,” ती पुटपुटली. “अगं, शिंपी माणूस. यांनी जन्मात गोणीला हात लावला नाही.”

दोघी हसल्या. हसता हसता आईचे डोळे भरून आले.

“आई, कान नुसता आवाज आत पोचवतो. त्याचे शब्द मेंदू करतो. आवाज फाटका असला की तोच ठिगळ लावतो. रेडिओच्या दोन स्टेशनांमधली ही खरखर, आणि ठिगळ महाराजांनी आधीच तुझ्या हातात दिलेलं.”

“पण तो आवाज? तो तर यांचाच होता.”

लेकीला फार थकवा आला. हो म्हणणं किती सोपं होतं.

“बाबांचाच होता. पण तो तुझ्यापाशी होता, रेडिओत नव्हता. इतकी वर्षं ऐकलास, तो जाईल कुठे? त्यासाठी महाराज कशाला हवेत?”

आईनं मोबाइल मावशींना द्यायला म्हणून पिशवीत टाकला.

“मावशींना काय सांगू?”

“एवढंच सांग. कोणी आधी सांगून मग ऐकवू लागला, की म्हणायचं, आधी ऐकवा, मग काय ऐकू आलं ते आम्ही सांगू.”

लेकीनं गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला.

“ऐकलंस का?” ती हळूच म्हणाली.

“ऐकलं,” आई म्हणाली, आणि तिनं गोळी घेतली.