सासरेबुवांचं ऑपरेशन

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. पण एका सकाळी मी एकट्याने तीन माणसं झोपेत सांभाळून परत उठवली, आणि त्यांतला एक खुद्द भूलतज्ज्ञ होता.

विषय नातीने काढला. डॉक्टरकीला मार्क कमी पडले होते. भुलीच्या तंत्रज्ञाचा कोर्स मिळत होता, हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. माझा जन्म त्याच कामात गेलेला. म्हणाली, "आजोबा, खरं सांगा हं. तिथे कोण काय करतं?"

"झोपवायचं डॉक्टरने. हाताशी राहायचं नर्सने. सिलेंडर लावायचे, यंत्र तपासायचं, नळ्या हातात द्यायच्या, ते आपण. पेशंट जागा झाला की हात जोडतो डॉक्टरला. जागा व्हायला उशीर झाला, की सगळ्यांच्या माना आपल्याकडे: यंत्र तपासलं होतंस ना रे?"

तिचं तोंड उतरलं. माझ्या कामाला माझ्याच नातीने नाक मुरडावं, हे काही सोसवेना. मग ठेवणीतली गोष्ट काढली.

"तुझ्या आजीच्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. लग्न ठरताना मी 'भूल देतो' एवढंच म्हटलेलं. 'डॉक्टर' हा शब्द त्यांनी मनानेच जोडला. मी कशाला खोडू? आता टेबलावर पडून ते माझ्याकडेच बघतायत, जावईबापू कधी सुरू करतात म्हणून."

पलंगावर ही कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले तिचे.

"तेवढ्यात नळी निसटली! गॅस थेट भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या नाकात. बसल्या जागी घोरायला लागले. सावरायला नर्स वाकली, तीही आडवी. मी श्वास रोखला, नळी जोडली. एका हाताने सासऱ्यांच्या तोंडावर मास्क, दुसऱ्याने डॉक्टरांची हनुवटी वर, नर्सच्या डोक्याखाली माझा पाय."

"आणि सर्जन नाही झोपले?"

"त्यांचं तोंड अखंड चालू. गॅसला आत शिरायला जागा कुठली!"

"आणि तुम्ही ऑपरेशनभर श्वास रोखून?"

"तेव्हाची छाती वेगळी होती, बाळ. मग एकेकाला उठवलं. आधी डॉक्टर, त्यांचा मान. मग नर्स. शेवटी सासरे. डॉक्टर शेजारी उभे, पण सासऱ्यांनी हात धरला तो माझा. म्हणाले, जावईबापू, काय गाढ झोपवलंत हो!"

नात खुदकन हसली. हो कळवायला तिने फोन उचलला.

"थांब गं," ही म्हणाली. "खोटं बोलतायत ते. बाबांना पाठीत सुई दिली होती, कमरेखालचं तेवढं बधिर. शेवटपर्यंत टक्क जागे होते, सगळं ऐकत होते. घरी आल्यावर मला म्हणाले, तुझ्या नवऱ्याला तिथे कुणी नावानेसुद्धा हाक मारत नाही गं. 'ए सिलेंडर' म्हणतात."