काढून पाहिल्यावर

तिने पडद्यावरची निळी जाळी उजवीकडे फिरवली, मग डावीकडे, आणि सरांना नीट दिसावं म्हणून आपली खुर्ची बाजूला सरकवली. चहाचा कप सांभाळत सर वाकले. जाळीच्या मधोमध, एन्झाइमच्या खोल खोबणीत, त्यांच्या औषधाचा पिवळा रेणू ऐसपैस बसलेला दिसत होता.

"बसले म्हणायचे अखेर जावईबापू," सर म्हणाले.

प्रयोगशाळेत त्या रेणूला सगळे जावईबापूच म्हणत. नखरेच तसे होते. पाण्यात विरघळायचं नाही, उजेडात टिकायचं नाही, आणि एन्झाइमच्या स्फटिकाजवळ नेलं की स्फटिकालाच तडे. पण एकदा का त्याने त्या खोबणीत ठाण मांडलं, की एन्झाइम बंद पडणार होतं. एन्झाइम बंद पडलं की जिवाणूला अंगाभोवतीची भिंत बांधता येणार नव्हती. आणि हा जिवाणू म्हणजे भल्याभल्या औषधांनी ज्याच्यापुढे हात टेकले होते, तो.

"काढून पाहिलंस ना?" सरांनी जाता जाता विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"मग सोमवारी लेख पाठवून देऊ."

सर गेले. ती पडद्याकडे बघत बसली. तिने काढून पाहिलं नव्हतं.

नव्याने आलेल्या मुलांना हे ती स्वतःच शिकवायची. क्ष-किरण स्फटिकातून विखुरतात, त्यावरून संगणक एक जाळी विणतो, आणि कोणता अणू कुठे आहे ते त्या जाळीत माणसाने बसवायचं असतं. गोम अशी, की आपण बसवलेलं पुढच्या हिशेबात धरलं जातं. नसलेली वस्तू ठेवली तरी पुढच्या जाळीत तिची सावली पडते, आणि आपण म्हणतो, बघा, आहे! मनी वसे ते जाळीत दिसे, असं ती म्हणायची आणि मुलं हसायची. म्हणून शेवटी ती वस्तू उचलून बाजूला ठेवायची, बाकीचं सगळं जरा हलवून घ्यायचं आणि जाळी नव्याने विणायची. खरोखर असेल, तर मोकळ्या जागी तिचा आकार आपला आपण उभा राहतो. चहा उकळेपर्यंत होणारं काम होतं, आणि तेवढंच ती रोज टाळत आली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण त्याच जिवाणूने तिच्या दादाला नेलं होतं.

मोडलेला पाय घेऊन दादा कित्येक महिने घरी पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर पडून होता. दुसऱ्या ऑपरेशनला हसत गेला, आणि तिथे हा जिवाणू त्याच्या छातीत शिरला. डॉक्टर एकामागून एक औषधं बदलत गेले. तिच्या हातात काही नव्हतं. कापसाच्या बोळ्याने त्याच्या फुटलेल्या ओठांना ग्लिसरीन लावणं, एवढंच. तो ओठ चाटायचा आणि म्हणायचा, "गोड आहे गं. अजून लाव."

एकदा त्याने विचारलं होतं, "तुमच्याकडे नाही का यावर काही? दिवसभर तेच करत असता ना?"

"येतंय दादा," ती म्हणाली होती. "होत आलंय."

ते तिचं वाक्य अजून तिच्या मागे मागे फिरत होतं. जिन्यात, आंघोळ करताना, भर बैठकीत ते मागून येऊन तिच्या मानेवर श्वास टाकायचं.

संध्याकाळी घरात शिरताना खाटेचा कोपरा तिच्या नडगीला लागला. नेहमीच लागायचा. खाट पुढच्या खोलीत अशी आडवी होती, की दारातून खिडकीकडे किंवा स्वयंपाकघराकडे जायचं तर पायथ्याला वळसा घालावाच लागे, आणि तरी तो कोपरा कुणाला सोडत नसे. कुणी कळवळलं की दादा उशीवरून ओरडायचा, "जकात भरा! नाक्यावरून फुकट जाता येत नाही!"

"ही खाट काढू या गं आता," आई म्हणाली. "माझ्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या."

"पुढच्या आठवड्यात."

"तुझा पुढचा आठवडा मी मेल्यावर उजाडणार." आई खाटेच्या कडेवर टेकली आणि चादरीच्या घड्या घालू लागली. "ते तुझं बसलं का? त्या खोबणीत की कुठे ते?"

"बसलं."

"म्हणजे हेच तेव्हा असतं, तर दादा..."

"हो आई."

आईने चादर मांडीवर घेतली. त्या जिवाणूचं लांबलचक नाव तिला कधी उच्चारता आलं नाही, ती त्याला नुसतं 'मेला' म्हणायची. घातलेली घडी मोडून तिने ती पुन्हा घातली आणि म्हणाली, "जाऊ दे. आपल्याला नाही झालं. कुणाच्या तरी पोराला तरी होईल."

त्यानंतर तिला जेवण गेलं नाही. कुणाचं तरी पोर. कुठल्या तरी खाटेवरचं, तिच्या 'हो'च्या भरवशावर राहिलेलं.

सकाळी प्रयोगशाळेत सुट्टीची शांतता होती. तिने पर्सही खांद्यावरून काढली नाही. पिवळा रेणू निवडला आणि पुसून टाकला. बाकीचं हलवून घेतलं, जाळी विणायला लावली, आणि संगणकाकडे पाठ करून कालचे कप विसळत उभी राहिली. कप केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती विसळत राहिली.

मग येऊन बसली. जावईबापूंचा मागमूस नव्हता. खोबणीत पाण्याचे विखुरलेले थेंब होते, आणि तळाशी काहीतरी इवलंसं, वाकडं, तीन मण्यांचं. ते तिने लगेच ओळखलं. ग्लिसरीन. गोठवताना बर्फाने स्फटिक फुटू नये म्हणून तिनेच तो त्यात बुडवला होता, स्वतःच्या हाताने. खात्री करायची म्हणून तिने ग्लिसरीनचा रेणू जाळीत बसवला, पुन्हा काढला, पुन्हा जाळी विणली. तो होता तिथेच उभा राहिला.

गोड आहे गं. अजून लाव.

तिने झटकन मागे वळून पाहिलं. मागे फ्रीज गुरगुरत होता.

तिने सरांना फोन लावला. "सर, काल मी खोटं बोलले. काढून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. औषध तिथे नाहीये."

पलीकडे कुणीतरी भांडी आपटत होतं. मग दार लावल्याचा आवाज आला.

"काय आहे मग?"

"ग्लिसरीन."

"मलाही दिसले होते गं जावईबापू," सर म्हणाले. "तू 'हो' म्हणालीस आणि मला इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा विचारलं नाही. लेख राहू दे. सोमवारी नवा स्फटिक लाव."

घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. आईसमोर उभी राहून सगळं सांगून टाकलं. आईचे हात कणकेत होते, ते थांबले.

"म्हणजे नव्हतंच ते?"

"नव्हतं. मला हवं होतं म्हणून दिसत होतं." आणि मग ती रडली. दवाखान्यात रडली नव्हती, तशी.

आईने कोपराने तिला जवळ ओढलं. "दिसतं गं तसं," ती म्हणाली. "मला नाही का दिसत."

नाक पुसून झाल्यावर ती म्हणाली, "आई, खाट काढू या."

"आज?" इतके दिवस मागे लागलेली आई एकदम बारीक आवाजात म्हणाली.

"आजच."

जुनं सामान घेणारा माणूस दुपारी आला. अंगाने दांडगा, कामाला वाघ. त्याने नट सैल केले, दांड्या सुट्या केल्या आणि खाट तुकड्यातुकड्यांनी दाराबाहेर नेली. खाली फिकट फरशी निघाली, तिच्यावर गंजाची चार वर्तुळं. खोली केवढी तरी मोठी दिसू लागली. आईने केर काढला, फरशी पुसली, पदराला हात पुसत त्या माणसासाठी पाणी आणायला आत गेली.

बाहेर टेम्पो सुरू झाला आणि बंद पडला. तो माणूस परत आला.

"पाना राहिला," तो म्हणाला. पाना खिडकीत होता. तो दारातून सरळ खिडकीकडे निघाला.

"अहो, जपून!"

दोघी एकदमच ओरडल्या. ती भिंतीजवळून, आई स्वयंपाकघराच्या दारातून, हातात पाण्याचा पेला धरून.

माणूस एक पाय उचललेला तसाच थबकला. त्याने खाली पाहिलं. पुसलेली, मोकळी फरशी. त्याने आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

त्याने उचललेला पाय हळूच मागे घेतला, आणि वळसा घालून खिडकीकडे गेला.