रिकामा म्हणून सांगितलेला कप्पा

मामाचा फायदा काय होता, तर घाटाचा फेरा वाचणार होता आणि डोंगरापलीकडच्या धावपट्टीच्या मॅनेजरची मर्जी मिळणार होती. तिथे मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी होती आणि मॅनेजरला विहिरीसाठी पंप हवा होता. मामाने दोन्ही कामं भाचीच्या विमानात बसवली.

मामा विमान शिकवणाऱ्या शाळेत प्रशिक्षक, भाची त्याचीच विद्यार्थिनी. आज तिचं एकटीचं लांबचं उड्डाण. ते जमलं की लायसन्सची परीक्षा. त्यांच्याकडे सामान प्रशिक्षक ठेवी आणि वजनाचा हिशेब विद्यार्थ्याने करायचा.

"मामा, मागच्या कप्प्यात काय आहे?"

"तुझ्या आईचे आशीर्वाद. रिकामा आहे गं, निघ आता."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिने दार उघडून बघितलं असतं. पण मामाचं काय तपासायचं?

पलीकडे उतरताना शेवटच्या वळणावर विमानाचं नाक आपोआप वर जायला लागलं. मागे वजन असलं की नाक वर उचलतं, आणि जड विमानाला हवेत टिकायला जास्त वेग लागतो, वळणात त्याहून जास्त. तिने धरलेला वेग रिकाम्या कप्प्याचा होता. धोक्याचा भोंगा केकाटला. तिने नाक खाली दाबलं, पंख सरळ केले, इंजिनाला पूर्ण ताकद दिली. विमान सावरलं, पण टेकलं फार पुढे, आणि पट्टी संपून गवतात घुसलं. पुढचं चाक मुडपलं.

ती खाली उतरली तोवर मॅनेजर मागून पंप ओढून काढत होता.

"लागलं नाही ना बेटा?" त्याने पंपाकडे बघत विचारलं.

संध्याकाळी शाळेच्या मालकासमोर ती म्हणाली, "कप्प्यात पंप होता."

"कसला पंप?" फोनवरून मॅनेजर.

मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरलीय पोर. वेग राखला नाही तिने. चूक माझीच, लाडावून ठेवली."

तिने हात झटकला. "माझ्याकडे बघून सांग ना, मामा."

मामा खिडकीबाहेर बघत राहिला.

मॅनेजरला पाणी मिळालं, मामाला खुर्ची, मालकाला विम्यातून नवं चाक. भाचीची परीक्षा गेली. आणि तिची आई, जी भावाच्या गाडीचा आवाज ओळखून चहा टाकायची, ती आता आवाज ओळखून कडी लावते.