फोटो ठेवायची परवानगी

परवानगी मागायला तीन आठवडे गेले, द्यायला त्या माणसाला दोन ओळी पुरल्या! पुण्याच्या फोटोग्राफरचा मेल आला तेव्हा सुचिताचा जीव भांड्यात पडला. वऱ्हाडातल्या पोरींच्या भुलाबाई सणातल्या गाण्यांवरचा तिचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता, आणि लेखी परवानगीशिवाय एकही फोटो चालणार नाही, असं गाईड मॅडमनी बजावलं होतं. मेलात अट एकच होती: वापर प्रबंधापुरताच, प्रत कुणालाही द्यायची नाही.

आता उरली त्यानं काढलेल्या फोटोतल्या बाईंची सही. मेहकरहून बस धरून ती डोणगावला पोचली, पण मनात धाकधूक होतीच. बाई नाही म्हणाल्या तर?

मनकर्णाबाईंनी फोटो उजेडात धरला. फोटोत पोरींच्या घोळक्यात त्या गात होत्या. पण त्यांची नजर खिळली ती मागे दारात, खिरापतीचं ताट धरून उभ्या असलेल्या माणसावर.

"हे आमचे मालक. त्याच दिवाळीत गेले. फोटू पाठवतो म्हणे तो फोटू काढणारा पोरगा. चार वर्सं झाले, वाट पाहून राह्यली मी."

सुचितानं चाचरत फॉर्म पुढे केला. "हा फोटो मला वापरू देता, असं लिहिलंय यात."

"वापर ना बाई, काऊन नाही?" अक्षर अक्षर जुळवत त्यांनी सही केली. मग फोटोवरून पदर फिरवला आणि तो परत न देताच विचारलं,

"अन् मले ठेवाचा असन, तर मी कोणाले इचारू?"